ढगाळ रात्र, धुक्याची पहाट आणि घरातला सिकलसेल रुग्ण

नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा अंदाज आता सगळ्यांच्या मोबाईलवर येतो. ‘विदर्भात तुरळक ठिकाणी हलका पाऊस, पहाटे धुकं’ एवढं ऐकलं की माणसं तुरीच्या गंजीवर ताडपत्री टाकायला धावतात. ते करायलाच हवं. माझं म्हणणं एवढंच, की घरात एसएस पॅटर्नचं लेकरू असेल तर त्याच वेळी त्याच्याकडेही बघा. विदर्भातल्या आदिवासी पाड्यांत आणि आपल्या वस्त्यांत सिकलसेल किती घरांत आहे, हे वाचकांना वेगळं सांगायला नको.

आधी या पावसाची चाल समजून घेऊ. हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून सरकत येणारे पश्चिमी विक्षोभ उत्तर भारतावरून जातात. कधीकधी त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून ओलसर वारं मध्य भारतात शिरतं. दोन्ही एकत्र आले की आपल्याकडे आभाळ भरून येतं, पाऊस होतो, कधी गारपीटही. आभाळ असतं तेव्हा जमिनीवर गोधडी पांघरल्यासारखं होतं. दिवस गारठलेला, पण रात्र उबदार. लोकांना वाटतं थंडी गेली. लेकरांचे स्वेटर खुंटीवर जातात.

फसगत इथेच होते. पाऊस थांबतो, आभाळ निवळतं. जमीन ओली, वारा पडलेला. रात्रीतून जमीन झपाट्याने निवते आणि पहाटे दाट धुकं उतरतं. मग उत्तरेचा कोरडा वारा सुटला की पारा घसरतो. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात किमान तापमान ३.५ अंशांवर आलं होतं. म्हणून अंदाजात ‘पाऊस’ दिसला की त्यापुढच्या तीन-चार पहाटा मोजून ठेवायच्या. सिकलसेलवाल्यासाठी जपायचे दिवस ते असतात.

असं का? थंडीने कातडीजवळच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, रक्ताची चाल मंदावते. सिकलसेलच्या तांबड्या पेशी ऑक्सिजन कमी झाला की विळ्यासारख्या वाकतात आणि आकसलेल्या वाहिनीत अडकून बसतात. पुढच्या भागाला रक्त मिळत नाही, आणि ज्या कळा येतात त्या ज्याने सोसल्या त्यालाच माहीत. त्यात हिवाळ्यात तहान लागत नाही, पाणी कमी पोटात जातं, रक्त आणखी दाटतं.

मी रात्रपाळी करायचे त्या ग्रामीण रुग्णालयातली एक मुलगी मला विसरता येत नाही. सोळा वर्षांची असेल. वेचलेला कापूस झाकताना पावसात भिजली होती. दुसऱ्या दिवशी ठणठणीत. तिसऱ्या पहाटे मांड्या, कंबर, छाती दुखायला लागली. घरच्यांना वाटलं वात धरला, दिवसभर बाम चोळला. संध्याकाळी आणली तेव्हा धाप लागलेली होती. आमच्या वॉर्डातही एका खिडकीला काच नव्हती, आम्ही पुठ्ठा लावला. ऑक्सिजन, सलाईन, पुढे मोठ्या दवाखान्यात रवानगी. वाचली ती.

शुद्धीवर आल्यावर मी विचारलं, पाणी का नाही पीत गं? म्हणाली, “सिस्टर, वावरात जायला आडोसा नसते.” नर्सिंगच्या डिप्लोमात हे कुणी शिकवलं नव्हतं. तेव्हापासून मी ‘भरपूर पाणी प्या’ एवढंच सांगून थांबत नाही. मुलीसोबत बाईमाणूस आहे का, जायला जागा आहे का, हे आधी विचारते. मालकाला चार खांब आणि एक ताडपत्री लावायला सांगणं हाही उपचारच आहे.

पाऊस येणार असं कळलं की हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या किती उरल्या ते मोजा. दोन दिवसांच्या असतील तर आजच आरोग्य केंद्रात जा. साठा संपला म्हणाले तर कधी येणार ते विचारा आणि सिकलसेलचं कार्ड दाखवून मागा, मिंधेपणाने नको. भिजलेले कपडे लगेच बदला. पाय आणि छाती उबदार ठेवा, आंघोळ कोमट पाण्याने. मोठ्या माणसाने दिवसभरात साधारण तीन लिटर पाणी प्यावं, डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर. कोमट पाणी, वरणाचं पाणी, पेज, काहीही चालेल. दारू अजिबात नाही. तिने अंग तापल्यासारखं वाटतं, पण शरीरातली ऊब आणि पाणी दोन्ही जातं. दुखरा भाग शेका, बर्फ लावू नका.

धुक्याच्या पहाटे चुलीचा धूर वर जात नाही, खालीच साचतो. रुग्णाचं अंथरूण चुलीपासून लांब न्या. बंद खोलीत पेटती शेगडी ठेवून झोपणं तर कुणासाठीच नको. तिच्या विषारी वायूला ना रंग, ना वास.

१ जानेवारीला भीमा कोरेगावला जाणाऱ्यांनाही एक सांगते. रात्रभर उघड्या टेम्पोतून एसएस पॅटर्नच्या लेकराला नेऊ नका. रेल्वेने किंवा बंद गाडीतून न्या, पाणी आणि गोळ्या सोबत घ्या. दाट धुकं म्हणजे दोनशे मीटरपलीकडचं दिसत नाही. चालकाला थांबायला सांगायची लाज वाटू देऊ नका.

ताप १०१ च्या वर गेला, छातीत दुखून धाप लागली, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, किंवा लहान लेकराचं पोट डाव्या बरगडीखाली अचानक फुगलं, तर सकाळची वाट पाहायची नाही. १०८ ला फोन करा आणि पहिल्याच वाक्यात ‘सिकलसेलचा रुग्ण आहे’ असं सांगा. एएस पॅटर्नवाल्यांना म्हणजे वाहकांना सहसा असा त्रास होत नाही, त्यांनी घाबरू नये.

आमच्या वस्तीत विहाराच्या फळ्यावर दहावीतली एक पोरगी रोज संध्याकाळी अंदाज लिहिते. पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. पाऊस लिहिला की त्याखाली ती पुढच्या चार तारखा लिहून ठेवते. त्या चार दिवसांत आशाताई एसएस पॅटर्नच्या सहाही घरांत चक्कर टाकून येतात.