तिसरीच्या वर्गाला मराठी टायपिंग

वाघोली २०२१मध्ये पुणे महापालिकेत आली, पण माणसं त्याच्या कितीतरी आधीपासून इथे येत होती. इथल्या वर्गात मराठवाड्यातली मुलं भेटतात, दगडखाणीवर राबणाऱ्यांची भेटतात, घरी हिंदी किंवा कन्नड बोलणारीही भेटतात. अशा वर्गाला मी इन्स्क्रिप्टच शिकवायला सांगेन. भारतीय मानक ब्युरोने १९९१मध्ये मान्य केलेल्या या रचनेत 'क' मराठीत ज्या बटणावर, त्याच बटणावर हिंदीत आणि कन्नडमध्येही असतो. इंग्रजी स्पेलिंग करून मराठी उमटवायची पद्धत मोठ्यांना सोयीची वाटते. पण तिसरीतल्या मुलाला स्पेलिंगच अजून नीट येत नसतं, त्याला हा वळसा कशाला?

आधी तयारी. संगणकाच्या भाषांच्या यादीत मराठी जोडा आणि इन्स्क्रिप्ट कीबोर्ड निवडा. बटणांवर अक्षरांची स्टिकरं मात्र लावू नका, मुलं मान खाली घालून बसतात. त्याऐवजी मोठा तक्ता समोरच्या भिंतीवर लावा. खुर्च्या मोठ्यांच्या मापाच्या असतात. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवा, कोपर कीबोर्डच्या उंचीला येईल असं बसवा.

संगणक कमी आणि मुलं जास्त, हे गृहीतच धरा. पुठ्ठ्यावर खऱ्या मापाचा कीबोर्ड काढून प्रत्येकाला द्या. एक गट संगणकावर, बाकीचे पुठ्ठ्यावर, आणि दहा-पंधरा मिनिटांनी अदलाबदल. तेवढ्यात बोटंही थकतात.

पहिला धडा फक्त मधल्या ओळीचा. एफ आणि जे या बटणांवरचे उंचवटे डोळे मिटून शोधायला लावा. डाव्या हाताखाली करंगळीपासून ो, े, ्, ि येतात. उजव्या हाताखाली तर्जनीपासून र, क, त, च. तर्जनी जरा आत सरकवली की डावीकडे ु आणि उजवीकडे प, उजवी करंगळी बाहेर सरकवली की ट. म्हणजे स्वरचिन्हं डावीकडे, व्यंजनं उजवीकडे. एवढ्यात 'पोपट' लिहून होतो: उजवी तर्जनी, डावी करंगळी, पुन्हा उजवी तर्जनी, मग उजवी करंगळी. 'रोपटे', 'चिकट', 'चोर', 'कोट'ही याच ओळीत बसतात. खरा शब्द पडद्यावर दिसला की मुलं तो पुन्हा पुन्हा लिहितात. नुसतं 'कककक ररर' गिरवायला लावलं तर कंटाळतात.

इथे एक अडचण हमखास येते. वहीत बरीच मुलं वेलांटी आधी काढतात, इथे व्यंजन आधी. 'चि' लिहायला आधी च, मग ि. तोंडाने म्हणत लिहायला लावा, कारण क्रम उच्चाराचाच आहे. जोडाक्षराचंही तसंच: 'पुस्तक' म्हणजे प, ु, स, ्, त, क. पाय मोडायचं बटण डाव्या मधल्या बोटाखाली आहे. 'प्र' आणि 'र्प' एकामागोमाग लिहायला द्या. र आधी की नंतर, एवढाच फरक मुलांना तिथे स्वतःच दिसतो.

मग वरची ओळ, मग खालची, आणि शेवटी शिफ्ट. क-ख, ग-घ, त-थ, द-ध या जोड्या एकेका बटणावर आहेत. शिफ्ट धरली की महाप्राण. अक्षर एका हाताचं असेल तर शिफ्ट दुसऱ्या हाताने, ही सवय शिफ्टच्या पहिल्याच दिवशी लावा.

'वाघोली' हा शब्द यासाठी फार छान आहे: व, ा, शिफ्ट धरून घ, ो, ल, ी. हाच क्रम कन्नड कीबोर्ड निवडून दाबा, वाघोली कन्नड लिपीत उमटते. हे वर्गात करून दाखवाच.

वेग मोजू नका. मिनिटाला ३० शब्द हा मराठी टायपिंगच्या शासकीय परीक्षेचा वेग मोठ्यांसाठी आहे. हातांवर रुमाल टाकून मुलाला स्वतःचं नाव, गाव आणि आईचं नाव न बघता लिहिता आलं की पुढचा धडा द्या. चुकलं तर खोडून पुन्हा लिहू द्या, घाई करू नका.