गोता खाणारा पतंग कसा सावरावा?

संक्रांतीला पतंग गोता खाऊ लागला की पुष्कळजण घाबरून दोरा ओढतात. मग तो आणखी जोरात आपटतो. कारण ताणलेल्या दोऱ्यावर पतंग नाक असेल तिकडेच पळतो.

मी आधी ढील देतो. ताण गेला की पतंग जागीच गरगर फिरतो. नाक वर आलं, की लगेच ओढायचं! सराव उंचावर करावा, म्हणजे सावरायला वेळ मिळतो.

एन.सी.सी.च्या एअर विंगमध्ये दोन तारांवर लहान विमान गोल फिरवतात. तिथे उलटं आहे. तारा सैल पडल्या, तर मागे सरून ताणतात.

आपल्याकडे भात निघालेल्या खाचरात सुती दोऱ्याने उडवावा. विजेच्या तारेत अडकला, तर सोडून द्यावा. पतंग दुसरा मिळतो.