सांधा धरणारी विद्या

शिर्डीत यात्रेकरूंच्या निवासासाठी ज्या असंख्य खोल्या बांधल्या गेल्या आहेत, त्यांतील पलंग, कपाटे आणि विशेषतः न्हाणीघरांची दारे यांना सामान्य घरातील जिनसांपेक्षा कितीतरी अधिक सोसावे लागते. कारण एका यात्रेकरूने खोली सोडली की ती धुतली जाते, तासाभरात दुसरे कुटुंब येऊन स्नानास बसते, आणि रामनवमी, गुरुपौर्णिमा व विजयादशमी या उत्सवांच्या गर्दीत तर दाराच्या लाकडास कोरडे होण्याची उसंतच मिळत नाही. अशा दाराचा खालचा वीतभर भाग फुगून त्याचे पापुद्रे सुटू लागले म्हणजे मालक सुताराला बोल लावतो, सुतार प्लायवूडच्या दुकानदाराला आणि दुकानदार कारखान्याला. परंतु दोन थरांमधल्या चिकटद्रव्याची जात आणि त्या दाराच्या नशिबी येणारे पाणी यांचा मेळ कोणीच घातला नव्हता, हे मूळ कारण सहसा कोणाच्या तोंडी येत नाही.

हा मेळ घालणे ही एक स्वतंत्र विद्या आहे, आणि शिर्डी, राहाता, कोपरगाव, संगमनेर या टापूतील जे पालक मुलाचे पुढे काय करावे या विवंचनेत असतात त्यांच्यापुढे ती उपजीविकेचा एक सन्मान्य मार्ग म्हणून मांडावी, असे मला मनापासून वाटते. ‘लाकूड चिकटवणे’ हे शब्द कानी पडताच त्यांच्या मुद्रेवर जी निराशा उमटते ती मी समजू शकतो; अभियांत्रिकी, वैद्यक आणि सरकारी नोकरी यांपलीकडची वाट दाखवणारे आपल्याकडे थोडे. पण या कामाची योग्यता केवढी आहे याचा एक दाखला देतो. दुसऱ्या महायुद्धात ‘मॉस्किटो’ नावाचे इंग्रज बनावटीचे लढाऊ विमान प्रामुख्याने लाकडाचे आणि प्लायवूडचे, म्हणजे सर्वस्वी चिकटवलेल्या सांध्यांच्या भरवशावर उडणारे होते. ही विमाने भारताच्या उष्ण आणि दमट हवेत आली तेव्हा १९४४ साली काहींचे सांधे उकलून अपघात घडले, आणि पुढील चौकशीत चिकटद्रव्य व ते लावताना कारखान्यात झालेली हयगय या दोन्हींवर बोट ठेवले गेले. द्रव्य चांगले असून भागत नाही. लावणारा हात जाणता लागतो, आणि हात जाणता असूनही द्रव्याचा स्वभाव ठाऊक नसेल तर श्रम वाया जातात.

पूर्वीचे सुतार सरस वापरीत. जनावरांची कातडी व हाडे शिजवून केलेल्या या वड्या पाण्यात भिजत घालून, एका भांड्यात पाणी व त्यात दुसरे भांडे अशा बेताने मंद आचेवर विरघळवाव्या लागत. आच अधिक झाली की सरसाचे बळ जाई, आणि पाणी लागले की सांधा सुटे. १९५९ साली बलवंतराय पारेख यांनी मुंबईत ‘फेविकॉल’ हे पांढरे, थंडच वापरावयाचे चिकटद्रव्य बाजारात आणले, आणि सुताराची सरस शिजवण्याची यातायात हळूहळू संपली. दुसरा मोठा पालट न्यायालयामुळे झाला. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात दिलेल्या आदेशाने वनांतील बेसुमार तोडीस आणि विनापरवाना करवतगिरण्यांस आळा बसला. तेव्हापासून अखंड सागाच्या फळीची जागा नीलगिरी व पॉप्लर यांसारख्या लागवडीच्या झाडांपासून केलेल्या प्लायवूडने, पार्टिकल बोर्डाने आणि एमडीएफने (लाकडाच्या तंतूंच्या दाबीव फळीने) अधिकाधिक घेतली. अखंड फळीत झाडाचे स्वतःचे बळ असते, तर या नव्या जिनसांत तंतू आणि थर एकत्र धरून ठेवण्याचे सारे काम चिकटद्रव्यावर येऊन पडते. म्हणून लाकडाच्या धंद्यात रसायन जाणणाऱ्या माणसाची गरज पूर्वी कधी नव्हती इतकी आज आहे.

आता या विद्येचे अंतरंग थोडे जवळून पाहू, कारण मुलाचा कल आहे की नाही हे त्यावरूनच ठरणार आहे. पांढऱ्या चिकटद्रव्यात पॉलिव्हिनाइल अॅसिटेटचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. ते दोन फळ्यांमध्ये दाबले गेले की लाकूड पाणी शोषून घेते, कण एकमेकांस भिडतात आणि त्यांचा सलग पापुद्रा बनतो. पौषातल्या एखाद्या पहाटे, जेव्हा आपल्या भागात पारा बराच खाली उतरतो, तेव्हा हे कण एकजीव होण्याऐवजी खडूसारखे पांढरे व भुसभुशीत राहतात आणि सांध्यात जीव येत नाही. हेच काम ऊन चढल्यावर केले तर सुतारास एका पैचाही जादा खर्च न करता पक्का सांधा मिळतो. उलट या पापुद्र्यास पुन्हा पाणी किंवा फार उष्णता लागली तर तो मऊ पडतो, म्हणून न्हाणीघराच्या दारास साधे पांढरे द्रव्य चालत नाही. प्लायवूडच्या कारखान्यात वापरली जाणारी युरिया-फॉर्माल्डिहाइड आणि फिनॉल-फॉर्माल्डिहाइड ही द्रव्ये निराळ्या प्रकृतीची आहेत: उष्ण दाबयंत्रात त्यांची रासायनिक प्रक्रिया पूर्ण होऊन ती कायमची कठीण होतात आणि पुन्हा वितळत नाहीत; मात्र युरियाचा सांधा ओलाव्याने कालांतराने विघटित होतो, तर फिनॉलचा तांबूस-काळसर सांधा उकळत्या पाण्यातही टिकतो. दुकानातील फळ्यांवर ‘एमआर’ (ओलावा सोसणारे), ‘बीडब्ल्यूआर’ (उकळते पाणी सोसणारे) अशी जी अक्षरे छापलेली असतात ती आयएस ३०३ या मानकातील याच भेदाची खूण होय. आयएस ७१० या मानकाच्या सागरी प्लायवूडचे तुकडे तर ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात. मग सुरीने थर उचकटून पाहतात: लाकडाचे तंतू फाटून निघाले तर सांधा लाकडाहून बळकट, आणि थर गुळगुळीत सुटा झाला तर सांधा कच्चा. सगळ्या परीक्षेचे सार या एका नजरेत आहे.

हातकामातही असेच बारकावे आहेत. सागाच्या अंगी तेल असते, म्हणून रंधा मारल्यावर लगेच, तेल पृष्ठभागावर येण्यापूर्वी, चिकटद्रव्य लावावे लागते. फळीच्या आडव्या कापाच्या टोकास चिकटद्रव्य धरत नाही, म्हणून तेथे भोक आणि कुसू यांचाच सांधा करावा लागतो. लाकडात आठ ते बारा टक्क्यांच्या आसपास ओल असावी. पावसाळ्यात तयार केलेली ओली चौकट चैत्रात आकसली की उत्तम सांध्यालाही चीर पडते. सनमायका लावताना रबरी चिकटद्रव्य दोन्ही पृष्ठांवर पसरून बोटाला चिकटेनासे होईपर्यंत थांबावे, असा नियम आहे. ठेक्याच्या मुदतीची घाई झालेला कारागीर तेवढे थांबत नाही, आत कोंडलेले द्रावक वाट शोधते, आणि पंधरा दिवसांत पत्र्यावर फुगा येतो. या प्रत्येक नियमामागचे कारण जो सांगू शकतो, त्याला मालक आणि ठेकेदार आपणहून शोधत येतात.

पालकांचा खरा प्रश्न असा असतो की हे शिकावयाचे कोठे. सर्वांत जवळची पायरी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेची. शिर्डीत साईबाबा संस्थानची अशी संस्था आहे, तालुक्याच्या ठिकाणी शासकीय संस्था आहेत, आणि ज्या संस्थेत कारपेंटर हा एक वर्षाचा व्यवसाय चालतो तेथे आठवी उत्तीर्ण मुलासही प्रवेश मिळतो. कोठे कोणता व्यवसाय यंदा चालू आहे याची चौकशी संस्थेच्या कार्यालयात जाऊन करावी, ऐकीव माहितीवर विसंबू नये. प्रमाणपत्रानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यान्वये एखाद्या कारखान्यात उमेदवारी करता येते, तीत विद्यावेतन मिळते, आणि पहिली दोन-तीन वर्षे मिळकत बेताची असली तरी त्या काळात शिकलेले हात पुढे जन्मभर पोसतात. दहावीनंतर ज्यास रसायनाची गोडी आहे त्याने पदविकेचा विचार करावा. आपल्यापासून शंभरएक किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगर येथे ‘सिपेट’ या केंद्रीय संस्थेचे केंद्र आहे. तेथे प्लास्टिक तंत्रज्ञानाच्या पदविका मिळतात, आणि चिकटद्रव्ये ही बहुवारिकांच्याच (पॉलिमरच्याच) कुळातली असल्याने तेथील ज्ञान या विद्येत उपयोगी पडते. बारावी विज्ञानानंतर ज्याचे गुण चांगले आहेत त्याच्यासाठी मुंबईची, १९३३ साली स्थापन झालेली रसायन तंत्रज्ञान संस्था आणि नागपूरची लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था (आता विद्यापीठ) या दोन्ही नामांकित आहेत. पहिलीत बहुवारिके आणि पृष्ठलेपन यांचे स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत. विज्ञानाच्या पदवीधराने डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेच्या काष्ठविज्ञान व तंत्रज्ञान या विषयातील एम.एस्सी.ची, तसेच बंगळुरूस १९६२ पासून प्लायवूडविषयक संशोधन व प्रशिक्षण करीत आलेल्या संस्थेच्या अभ्यासक्रमांची अवश्य चौकशी करावी. मराठी मुले तेथे अर्ज करावयास फारशी धजावत नाहीत, याचे मला वाईट वाटते.

कारखान्यांतही जागा आहेत. केंद्र सरकारने प्लायवूडला भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह सक्तीचे करणारा आदेश काढल्यामुळे, परवाना हवा असलेल्या कारखान्यास सहसा स्वतःची तपासणी-प्रयोगशाळा आणि ती चालवणारा जाणकार इसम ठेवावा लागतो. आपला जिल्हा साखरेचा असल्याने या विद्येला येथे आणखीही आधार आहेत. कोपरगाव तालुक्यातील साकरवाडीस सोमय्यांनी स्वातंत्र्यापूर्वी साखर कारखाना काढला, आणि पुढे तेथे उसाच्या मद्यार्कापासून इथाइल अॅसिटेट तयार होऊ लागले. हे रसायन चिकटद्रव्यांत आणि शाईत द्रावक म्हणून जाते. सोलापूर जिल्ह्यात वेळापूर येथे उसाच्या चिपाडापासून पार्टिकल बोर्ड करण्याचा कारखाना उभा राहिला. कोकणातल्या काजूच्या टरफलांतून निघणारे तेल फिनॉल-फॉर्माल्डिहाइड द्रव्यात फिनॉलच्या काही अंशाची जागा घेऊ शकते. ज्या मुलास हे तिन्ही धागे एकत्र दिसतील, त्याला नोकरीसाठी फार दूर जावे लागेल असे मला वाटत नाही.

मातांच्या मनात आरोग्याची धास्ती असते, आणि ती अनाठायी नाही. फॉर्माल्डिहाइडचे वर्गीकरण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली मानवास कर्करोगकारक द्रव्यांत केले. रबरी चिकटद्रव्यांतील टोल्युइनची वाफ बंद खोलीत डोके जड करते आणि विस्तवाशी तिचा संबंध आला तर भडका उडतो. मोकळी हवा, हातमोजे, योग्य मुखवटा आणि कामाच्या जागी विडी-काडीस सक्त मनाई, या गोष्टी जेथे पाळल्या जात नाहीत तेथे मुलास उमेदवारीस ठेवू नये, मग विद्यावेतन कितीही असो.

मुलींविषयी एक शब्द. प्रयोगशाळेत तुकडे मोजणे, उकळणे, ओढणयंत्रावर तोडून आकडे नोंदवणे या कामास बळापेक्षा सचोटी आणि चिकाटी लागते. प्रशिक्षण संस्थांचे सुतारकामाचे वर्गही मुलींस खुले आहेत.

माझे स्पष्ट मत असे की या क्षेत्रात हात आणि रसायन यांची फारकत करू नये. ज्यास प्रयोगशाळेत जावयाचे आहे त्याने आधी एक उन्हाळी सुटी एखाद्या चांगल्या सुताराकडे रंधा मारण्यात आणि क्लॅम्प आवळण्यात घालवावी. आणि ज्यास सुतारच व्हावयाचे आहे त्याने आठवी-दहावीचे विज्ञान पुन्हा एकदा मन लावून वाचावे. पालकांस विनंती एवढीच, की हजारो रुपये भरून एखाद्या शिकवणीवर्गाची पावती घेण्यापूर्वी लाकडाच्या वखारीतून एमआर आणि सागरी अशा दोन्ही प्लायवूडचे तळहाताएवढे तुकडे मागून आणावेत, स्वयंपाकात न लागणाऱ्या जुन्या भांड्यात, अंगणात, ते उकळत ठेवावेत, आणि मुलाला सुरीने थर उचकटून पाहू द्यावेत. त्याने ‘असे का?’ म्हणून विचारले, तर प्रवेश-अर्जाची मुदत उलटण्यापूर्वी वर सांगितलेल्या संस्थांच्या कार्यालयात त्याला सोबत घेऊन जावे.