लाँगबोर्ड विकायचाय? आधी चाक डेकला घासतंय का बघा

व्हिडिओत डेक बघितलात: 3 मिमी प्लायचे चार थर, वॉटरप्रूफ ग्लू, क्लॅम्प लावून 24 तास. तो भाग सोपाय. माझ्या पहिल्या गिऱ्हाइकाचा बोर्ड वळणावर जागीच थांबला आणि पोरगं तोंडावर आपटलं. डेक मस्त होता, पण चाक त्याला घासलं. यालाच व्हीलबाइट म्हणतात.

चाक 70 मिमी, 78ए, म्हणजे मोठं आणि मऊच घ्या. बारीक खडीवर अडत नाही. स्केटबोर्डची 52 मिमीची कडक चाकं स्वस्तात मिळाली तरी नकोत. मात्र मोठ्या चाकासाठी ट्रक, म्हणजे अॅक्सल, आणि डेक यांच्यामध्ये रायझर पॅड टाका किंवा डेकला खाच घ्या. मग वर उभं राहून दोन्हीकडे पूर्ण झुका. घासलं तर विकायचं नाही. पॅडचे पैसे किमतीत आधीच धरा, नंतर मागताना लाज वाटते.