गरुड मोजायला नेपाळला: पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत

पोखऱ्याच्या पश्चिमेला, कांडे गावाच्या वर, दोन हजार मीटरच्या थोडं पुढे ठुलोखर्क नावाची धार आहे. ट्रेकर मंडळी तिला ऑस्ट्रेलियन कॅम्प म्हणतात. मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशातून निघालेले स्टेपी गरुड हिमालयाच्या दक्षिण उताराला धरून पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकतात आणि त्यातले हजारो या धारेवरून जातात. ऐन भर ऑक्टोबरअखेरपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत असते. नेपाळी पक्षी-अभ्यासक तिथे बसून मोजणी करतात. जाणाऱ्याने त्यांच्या शेजारी बसावं, आकाश वाटून घ्यावं आणि शिकावं.

खर्चाचं गणित सरळ आहे: जाणं-येणं महाग, राहणं स्वस्त. म्हणून तीन दिवसांसाठी जाऊ नका. ढग उतरले तर तिन्ही दिवस धुक्यात जातील. किमान आठवडा काढा.

मुंबईहून गोरखपूरपर्यंत रेल्वे, स्लीपरला साडेसातशे-आठशे रुपये, थ्री एसीला दोन हजारांच्या आसपास. अडचण भाड्याची नाही, तिकिटाची आहे. दिवाळीआधीपासून छठपूजेपर्यंत या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते, आणि छठ उलटली की येणाऱ्या गाड्या भरतात. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. त्याच सकाळी बसा. शक्य असेल तर जाणं छठनंतरचं ठेवा. परतीचं मिळालं नाही तर गोरखपूर-मुंबई विमानासाठी सहा-आठ हजार वेगळे काढून ठेवलेले बरे.

गोरखपूरहून सोनौलीची बस दीड-दोनशे रुपयांत मिळते. सीमा पायी ओलांडा. भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं. प्रौढांचं नुसतं आधार चालत नाही, हे लक्षात न घेता निघणारे बरेच आहेत. पलीकडून पोखऱ्याची बस भारतीय सहा-सातशेला, आणि दिवसभराची. घाटात हाडं खिळखिळी होतात, तेव्हा पोखऱ्यात एक रात्र गृहीत धरा. विनिमय ठरलेला आहे: आपला एक रुपया म्हणजे नेपाळी एक रुपया साठ पैसे. शहरात यूपीआय बऱ्याच ठिकाणी चालतं. वर जाताना मात्र रोख ठेवा, आणि भारतीय नोटा शंभराच्या.

धार अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्रात येते. सार्क देशांच्या नागरिकांना प्रवेशपत्राचे एक हजार नेपाळी, म्हणजे सव्वासहाशे रुपये. ते पोखऱ्यातच काढा. कांडेपर्यंत लोकल बस शंभरेक रुपयांत. टॅक्सीला हजार-दीड हजार. तिथून दीड तासाची चढण. लॉजची खोली दोघांत वाटली आणि दोन्ही वेळ डाळ-भात घेतला तर माणशी रोज दीड ते दोन हजारांत भागतं. गरम पाणी आणि चार्जिंगचे पैसे वेगळे लावतात, तेव्हा पॉवर बँक न्या. पहाटे हिमशिखरं बघायला येणाऱ्यांमुळे खोल्या भरतात; फोन करून ठेवा. एकूण आठ-नऊ दिवसांचा हिशोब वीस-बावीस हजारांवर जात नाही. हे सगळे आकडे अंदाजी आहेत. दहा टक्के वर धरा.

आता दुर्बीण. आठ बाय बेचाळीस घ्या, बाराची भिंगं नकोत. दिवसभर हात थरथरतो. सात ते दहा हजारांतली दुर्बीण पहिल्या वर्षी पुरते. पंधरा-अठरा हजारांतली घेतलीत तर संध्याकाळच्या उजेडात फरक कळेल. त्यापुढचा पैसा माझ्या मते वाया. टेलिस्कोप असेल कोणाकडे, तर मागून बघा. लांब लेन्सचा कॅमेरा घरी ठेवा: फोटो काढणारा मोजत नाही, एवढं मी ठामपणे सांगतो. त्याऐवजी दीडशे-दोनशेचं बोटाने दाबायचं मोजयंत्र घ्या, दोन असतील तर उत्तम, एक गरुडांना आणि एक गिधाडांना. रिशाद नौरोजींचं ‘बर्ड्स ऑफ प्रे ऑफ द इंडियन सबकॉन्टिनेंट’ अप्रतिम आहे, पण ते पाठीवर नेण्याचं पुस्तक नव्हे. जाण्याआधी वाचनालयात बसून वाचा.

मोजायचं कसं? समोरच्या दरीवर मनातल्या मनात एक रेघ ओढायची आणि ती पूर्वेकडून पश्चिमेला ओलांडणारा पक्षीच धरायचा. हिमालयीन गिधाडं दिवसभर पुढेमागे घिरट्या घालतात. ती धरली तर आकडा फुगतो. ऊन तापलं की गरुड गरम हवेच्या झोतात गोल गोल चढतात. तेव्हा मोजू नका, फसाल. वर पोचून पंख ताठ करून ते एकामागोमाग सुटतात, त्या रांगेत मोजा. कधी एखादा धारेच्या खालून, डोळ्यांच्या पातळीवर जातो. पंखाच्या खालच्या बाजूला आडवा पांढरा पट्टा दिसला की लहान वयाचा. ही नोंदही हवी, कारण किती पिल्लं जगली याचा अंदाज त्यावरूनच येतो. हा पक्षी 2015पासून जागतिक स्तरावर संकटग्रस्त यादीत आहे, आणि गिधाडांना मारणारं डायक्लोफेनॅक त्यालाही बाधतं.

सराव नसेल तर आधी घराजवळ करा. हिवाळ्यात सासवडच्या माळांवर तिन्हीसांजेला भोवत्या हे शिकारी पक्षी मुक्कामाला उतरतात. त्यांची मोजणी पेट्रोलच्या खर्चात होते. तिथे आकडा आणि सोबत्याचा आकडा जुळायला लागला की तिकीट काढा.