मानव्यविद्यांतील एम. ए. प्रवेश आणि विषयनिवड : गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात

एम. ए.च्या प्रवेशअर्जाकडे बहुधा कार्यालयीन सोपस्कार म्हणून पाहिले जाते. गुणपत्रिका, महाविद्यालय सोडल्याचा दाखला व जातप्रमाणपत्र जोडले की काम संपले, अशी समजूत असते. वस्तुतः अर्ज ही अभ्यासविषयाची पहिली मांडणी होय. परदेशी विद्यापीठे आणि भारतातील काही संस्था अभ्यासहेतूचे लेखी निवेदन मागतात. जेथे ते मागितले जात नाही, तेथेही विद्यार्थ्याने ते स्वतःसाठी लिहून पाहणे हिताचे ठरते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातील पदव्युत्तर अभ्यासक्रमात संशोधनपद्धती व संशोधनप्रकल्प यांना स्थान मिळाले आहे. त्यामुळे विषयाचा विचार प्रवेशापूर्वीच सुरू व्हावा लागतो.

1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यात झाडीबोली, पोवारी, गोंडी या बोली-भाषा नांदतात. गोंडी द्राविड कुळातील, तर झाडीबोली मराठीची बोली. येथील विद्यार्थी आपल्या घरची बोली हे न्यून समजून अर्जात व मुलाखतीत ती झाकतो. झाडीबोलीत ‘पाणी’चे ‘पानी’ आणि ‘डोळा’चा ‘डोरा’ होतो. हा उच्चारदोष नसून नियमबद्ध ध्वनिव्यवस्था आहे. पदवीपर्यंत ज्या रूपांवर लाल रेघ ओढली गेली, तीच भाषाभ्यासाची सामग्री ठरतात, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते.

मात्र बोली येणे म्हणजे विषय सापडणे नव्हे. ‘झाडीपट्टीतील लोकनाट्य : एक अभ्यास’ हे शीर्षक एका प्रकल्पात न मावणारे आहे. त्याऐवजी ‘अर्जुनी मोरगाव तालुक्यातील निवडक दंडारींच्या संवादांतील ण आणि ळ यांचे पर्याय’ असे म्हटले, की क्षेत्र, सामग्री आणि प्रश्न तिन्ही निश्चित होतात. निवेदनात पुढील चार गोष्टी याव्यात : प्रश्न कोणता, सामग्री कोठे मिळेल, आजवर काय वाचले, आणि त्या विभागातच प्रवेश का हवा. ‘साहित्याची आवड आहे’ या विधानातून यांपैकी एकाचेही उत्तर मिळत नाही.

स्वतःचे गाव सांगण्यात संकोच मानण्याचे कारण नाही. भवभूतीने आपल्या नाटकाच्या प्रस्तावनेत पद्मपूर हे स्थान, आपले कुल, गुरू ज्ञाननिधी आणि आपले अध्ययन यांचा उल्लेख केला आहे. वा. वि. मिराशी यांनी ते पद्मपूर आमगावनजीकचे मानले. स्थानाचा हा उल्लेख अध्ययनाच्या उल्लेखासह येतो, हे महत्त्वाचे. केवळ ‘मागास भागातून आलो’ एवढे सांगणे सहानुभूतीची मागणी ठरते. त्या भागातील कोणती सामग्री आपण अभ्यासू शकतो हे सांगणे अधिकाराचे ठरते.

एम. ए. झालेले अनेक विद्यार्थी पुढे याच जिल्ह्यातील शाळा-महाविद्यालयांत अध्यापन करतात. आपल्या बोलीकडे ते अर्जाच्या वेळी कोणत्या दृष्टीने पाहतात, यावर पुढील पिढीच्या वहीतील लाल रेघा अवलंबून राहतील. म्हणून महाविद्यालयीन अध्यापकांनी पदवीच्या अखेरच्या वर्षातच असे निवेदन लिहून घ्यावे आणि ते तपासून द्यावे.