घरदुरुस्तीचा हिशोब : वर्गात घेण्यासारखा एक धडा



मागच्या वर्षी मे महिन्यात आम्ही घरातल्या एका खोलीचं जुनं प्लास्टर काढलं. मिस्त्रींनी आकडा तोंडी सांगितला, आम्ही मान डोलावली. वाळू यायला जून उजाडला, पाऊस लागला, गडी पेरणीसाठी गावी गेले. दीड महिना सगळं घर एका खोलीत! तेव्हा सातवीतल्या लेकीने विचारलं, "बाबा, आपल्याला वाळू किती लागणार होती?" मला सांगता येईना. आणि गणित शिकवतो मी! त्यातूनच हा धडा तयार झाला.

१. आधी मोजा
खोली १२ × १० फूट, उंची १० फूट. चार भिंतींचं क्षेत्रफळ २ × (१२ + १०) × १० = ४४० चौ. फूट. दार-खिडकीचे ४० वजा केले की उरले ४०० चौ. फूट.

२. माल काढा
प्लास्टरचा थर साधारण अर्धा इंच. म्हणजे ४०० ÷ २४ = सुमारे १७ घनफूट ओला माल. कोरडा माल कालवल्यावर बसतो, म्हणून एक तृतीयांश वाढवून २२ घनफूट धरा. १:४ प्रमाणात सिमेंट साधारण ४.४ आणि वाळू १८ घनफूट. ५० किलोच्या गोणीत सुमारे सव्वा घनफूट सिमेंट असतं, म्हणजे ४ गोण्या. १०० घनफूट म्हणजे १ ब्रास. आपल्याला पाव ब्राससुद्धा वाळू लागत नाही! पण एवढ्याशा वाळूसाठीही टेम्पोचं भाडं द्यावंच लागतं. शेजाऱ्यांचं काम असेल तर वाळू मिळून मागवा.

३. भाव का वाढतो?
पावसाळ्यात नदीतून वाळू काढायला बंदी असते. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने छोट्या क्षेत्रातल्या उपशालाही पर्यावरण मंजुरी बंधनकारक केली. बेसुमार उपशाने नदीचं पात्र खोल जातं, काठ ढासळतात, आजूबाजूच्या विहिरींचं पाणी उतरतं. म्हणजे नियम हवाच. पण पुरवठा घटला आणि मागणी तीच राहिली, की भाव चढतो. अर्थशास्त्राचा हा धडा मुलांना अंगणातच दिसतो. पर्याय म्हणून काळा दगड फोडून केलेली क्रश सँड वापरतात. प्लास्टरसाठी मात्र बारीक चाळलेली घ्यावी.

४. शेकडेवारी
२२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. समजा गोणीची मूळ किंमत ३०० रुपये. आधी ३८४ पडले असते, आता ३५४. चार गोण्यांमागे वाचले १२० रुपये. आता मुलांना विचारा : काम आठवडाभर रखडलं तर हे १२० रुपये कुठे जातील? बचत करात कमी आणि वेळेच्या नियोजनात जास्त आहे, हे ती स्वतःच सांगतील.

स्वाध्याय
मुलांना टेप द्या, घरातली एक खोली मोजायला लावा. जवळच्या दुकानातून भाव विचारून अंदाजपत्रक करू द्या. माल, मजुरी, वाहतूक असे रकाने वेगळे ठेवा आणि शेवटी अडीअडचणीसाठी १० टक्के धरा.

पालकहो, मिस्त्रींना आकडा लेखी आणि रकान्यांसह मागा. त्यात अविश्वास नाही, उलट दोघांचीही सोय आहे. आणि वाळू दारात पडल्याशिवाय जुनं प्लास्टर काढू नका. ही फी आम्ही भरलेली आहे, तुम्ही भरू नका!